बशीतला तिसरा तुकडा

१

भडक्या मिस्त्रीची कामाची एक रीत होती. होडीची मोटर शेडमध्ये आली की आधी तिला शिवी द्यायची, मग तिच्या डोक्याला उलटा हात लावायचा. आजारी पोराच्या कपाळाला लावतात तसा. सरळ हाताला घट्टे पडलेले, त्याला ऊन कळत नाही की गार कळत नाही. उलट्या हाताला सगळं कळतं, असं त्याच्या उस्तादानं शिकवलेलं.

शनिवारी सकाळी वहिनी हातगाडी ढकलत आली. गाडीवर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी आडवं पडलं होतं.

"भाऊजी, आहात का?"

"कुठं जाणार? माझं डोकं इथंच, माझी कटकट इथंच."

वहिनीनं गोणपाट ओढलं. निळं झाकण, त्यावर तीन ओरखडे. मिस्त्रीच्या तोंडातली शिवी तोंडातच राहिली. दादाची मोटर होती. दोन वर्षं ती वहिनीच्या मागच्या खोलीत पडून होती आणि दोन वर्षं मिस्त्री त्या खोलीकडं फिरकला नव्हता.

"ही कशाला बाहेर काढली?"

"चालवायला. नाहीतर काय लोणचं घालू तिचं?" वहिनी म्हणाली. "म्हातारा नावाडी सोमवारपासून बंद होतोय. गुडघे गेले त्याचे. फेरी मला द्यायला तयार आहे तो, पण सोमवारी सकाळी माझी होडी घाटाला लागली पाहिजे. नाही लागली तर पलीकडचा घेणार. मग मी काय करू, घरात बसून भिंती मोजू?"

"होडी चालवता येते का तुम्हाला?"

"दहा वर्षं तुमच्या भावाच्या पुढ्यात बसून काय झोपा काढत होते का मी? उद्या दुपारी एकटीच पलीकडं जाऊन येते. बिघडायचं ते उद्याच बिघडू दे. सोमवारी माणसं बसणार आहेत."

"आणि मोटरीला काय झालंय?"

"तापते. परवा अंगणात पिंपात सोडून चालवली, दहा मिनिटांत वाफ निघायला लागली."

मिस्त्रीनं सवयीनं झाकण काढलं आणि उलटा हात डोक्यावर ठेवला. ठेवला तसा काढला.

"आज चालवली होती?"

"आज कशी चालवणार? रात्रीपासून गाडीवर बांधून ठेवलीय."

डोकं कोमट होतं. फार नाही, अंगात कणकण असावी एवढंच. उन्हानं असेल, मिस्त्री मनात म्हणाला. पण गल्लीत अजून ऊन उतरलं नव्हतं आणि गोणपाट हाताला गार लागत होतं.

"ठेवा इथं," तो म्हणाला. "उद्या दुपारपर्यंत बघतो."

२

आता मागचं थोडं सांगायला पाहिजे.

असल्या जुन्या मोटरी पाण्यावरच जगतात. मोटरीचा पाय पाण्यात असतो. पायाला जाळी, जाळीच्या आत रबराची चक्री. चक्रीला सहा पाती. ती फिरते, खालचं पाणी ओढते आणि तांब्याच्या नळीतून वर डोक्यापर्यंत चढवते. डोकं गार ठेवून पाणी बाहेर पडतं. त्यातलं थोडं मागच्या बारक्या भोकातून धार धरून येतं. धार आहे तोवर मोटर जिवंत. धार तुटली की डोकं तापतं आणि डोकं तापलं की मोटर जागीच धरते, जाम होऊन बसते. भडक्याला लोक म्हणायचे, तुझ्यात आणि मोटरीत फरक एवढाच, की तुला भोक नाही.

रबर जुनं झालं की पाती तुटतात. तुटलेले तुकडे पाण्याबरोबर वर चढतात आणि कुठंतरी बोळात अडकून बसतात. म्हणून उस्तादाचा एक नियम होता. तुटलेल्या पात्यांचे तुकडे बशीत ठेवायचे आणि मोजायचे. जेवढी पाती गेली तेवढे तुकडे बशीत आले नाहीत, तर मोटर परत जोडून बंद करायची नाही. दिवस जाऊ दे, दोन दिवस जाऊ देत.

दोन वर्षांपूर्वी दादाच्या मोटरीची तीन पाती तुटली होती. मिस्त्रीला तुकडे मिळाले दोन.

दादाला घाई होती. डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट त्याचं अर्धंच होतं, दोराच्या फासात गेलेलं. त्या थोट्या बोटानं तो झाकणावर वाजवायचा. टक, टक. झालं का? परत थोड्या वेळानं, टक, टक. सकाळपासून असं चालू. मिस्त्रीच्या डोक्याची शीर उडायला लागली.

"तुझ्यानं होत नसेल तर सांग," दादा म्हणाला. हसतच म्हणाला.

मिस्त्रीनं पाना आपटला, नवी चक्री बसवली, बोल्ट आवळले. दादाला नियम माहीत होता. त्यानं विचारलं, "तुकडे मिळाले सगळे?"

"मिळाले," मिस्त्री म्हणाला. "ने आता, कटाळा आणलास."

संध्याकाळी होडी लव्हाळ्यात सापडली. मोटरीचं झाकण उघडं, पाना फळीवर. दादा सापडला नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. घाटावर माणसं जमली, मिस्त्रीला विचारलं. तो सगळ्यांसमोर म्हणाला, मोटर ठीक होती, वाऱ्यानं घात केला. वारा खरंच सुटला होता. लोकांनी वाऱ्याला शिव्या दिल्या आणि घरी गेले.

ती बशी शेडमध्ये वरच्या फळीवर होती. खाली जुनी चक्री आणि दोन तुकडे, वर बशी पालथी घातलेली.

३

शनिवारी त्यानं मोटर पूर्ण खोलली. हात कामाला लागले की डोकं जरा गप्प बसतं.

पाय उतरवला. आतली चक्री त्यानंच बसवलेली, सहाची सहा पाती शाबूत. तरी नवी घातली. तांब्याच्या नळीला तोंड लावून फुंकर मारली, हवा आरपार गेली. थर्मोस्टॅट काढला, म्हणजे डोक्याजवळची ती पितळी झडप, पाणी तापलं की उघडणारी. तो घेऊन घरात गेला आणि चुलीवरच्या पातेल्यात सोडला.

"ते भाताचं पातेलं आहे," बायको म्हणाली.

"माहितीय."

"मग हे काय शिजवताय? लोखंड खाऊन तुमचं डोकं असं झालंय का?"

"गप बस. उघडतंय का ते बघ."

"उघडलं. आता उचला, नाहीतर तुमच्या ताटात वाढते."

झडप ठीक होती. मग त्यानं डोकंच उघडलं. बोळांत गाळ होता, पांढरा क्षार होता. तारेनं एकेक बोळ खरवडला, पाण्यानं धुतला, टॉर्च मारून बघितला. तो काय शोधतोय ते त्यानं स्वतःलाही सांगितलं नाही. गाळ त्यानं जाळीच्या चहागाळणीतून गाळला. दोनदा गाळला. रबराचा तुकडा नव्हता.

गेला असेल वाहून, तो म्हणाला. दोन वर्षं झाली.

दुपारी मोटर जोडून बंद केली, पिंपाला टांगली. पायाच्या टोकाचा पंखा काढून ठेवला, नाहीतर पाणी घुसळून शेडभर उडतं. नळाची नळी लावून पिंप भरलं, जाळीच्या वर वीतभर पाणी आलं तसा नळ बंद केला. दोरी ओढली. मोटर तिसऱ्या झटक्याला बोलली.

धार आली. झक्क धार, बोटाएवढी. मिस्त्री बिडी पेटवून बसला. आठव्या मिनिटाला धार बारीक झाली. मग थेंब थेंब. मग बंद. त्यानं उलटा हात नेला आणि चटका बसून मागं घेतला. मोटर बंद केली.

गरम लोखंड गार होताना वाजतं. हे कुठल्याही मिस्त्रीला माहीत असतं. कसंही वाजतं, कधी एक, कधी पाच. ही दोनदाच वाजायची. टक, टक. मग थांबायची. मग परत, टक, टक.

मिस्त्रीनं उठून झाकण घट्ट बसवलं. आवाज झाकणाच्या आतून येत राहिला. की बाहेरून, ते त्याला नीट कळलं नाही.

४

चार वाजता बायको शेडच्या दारात आली.

"नळ उघडा ठेवलाय का? अंगणात पाणी आलंय."

"नळ बंदच आहे."

"मग पिंप का सांडतंय?"

मिस्त्रीनं बघितलं. पिंप काठोकाठ भरलं होतं आणि एका बाजूनं गळत होतं. नळी तर त्यानं केव्हाच काढून भिंतीला गुंडाळून ठेवली होती. दुपारपासून त्यानं पाच वेळा मोटर चालवली होती. प्रत्येक वेळी धार आली, आठ मिनिटं चालली, तुटली.

"पाणी तापलं की फुगतं," तो म्हणाला.

"पातेल्यातलं दूध फुगतं. पाणी फुगलेलं मी नाही बघितलं."

"तुला काय कळतंय त्यातलं."

बायको गेल्यावर त्यानं चार बादल्या पाणी काढलं, पिंपाला आतून खडूची रेघ मारली आणि मोटर परत चालवली. पिंपातलंच पाणी जाळीतून वर जातं आणि फिरून पिंपातच पडतं. पाणी तेवढंच राहायला पाहिजे. उलट वाफेनं थोडं कमी व्हायला पाहिजे. आठ मिनिटांनी त्यानं बघितलं. रेघ पाण्याखाली गेली होती. चार बोटं खाली.

त्यानं धारेखाली ओंजळ धरली. पिंपातलं पाणी कोमट होतं, त्याच्यावर तेलाचा तवंग होता. धारेचं पाणी मात्र हाड गोठेल असं गार होतं. ओंजळीत लव्हाळ्याचं एक पातळ हिरवं पान आलं.

पिंप तर नळाच्या पाण्यानं भरलेलं.

बोळात अडकलं असेल, मिस्त्री म्हणाला. दोन वर्षांचं पान, इतकं हिरवं? मग अडकलं नसेल, वाऱ्यानं आलं असेल. त्यानं पान झटकलं, हात पँटला पुसले आणि दिवस मावळायच्या आत शेडला कुलूप घातलं. एरवी तो आठपर्यंत काम करायचा. बायकोनं कपाळाला आठ्या घातल्या पण विचारलं नाही. विचारलं असतं तर तो तिच्यावरच खेकसला असता, हे दोघांनाही माहीत होतं.

५

रविवारी सकाळी तो शेड उघडायला गेला तेव्हा बायकोही मागोमाग आली. तिला तिचं चहाचं गाळणं पाहिजे होतं.

"ही रात्रभर बंदच होती ना?" तिनं जाता जाता मोटरीला हात लावला. "अगंबाई, हिला ताप आहे की. काढा करून देऊ का?"

मिस्त्री हसला नाही. त्यानं उलटा हात ठेवला. काल कणकण होती. आज चांगला ताप होता.

बायको गाळणं घेऊन गेली. अकरा वाजले होते. बाराला वहिनी येणार. आता दोनच गोष्टी होत्या. एक तर मोटर ठीक करायची, नाहीतर वहिनीला सांगायचं की ही चालवू नका. तिनं विचारलं असतं, का? आणि त्या ‘का’मुळं त्याची जीभ टाळूला चिकटत होती.

धार तुटते म्हणजे पाणी वर जात नाही. नळी साफ, चक्री नवी, बोळ साफ. मग राहिली जाळी. बाहेरून जाळीवर काही बसत असेल तर पाणी आत जाणारच नाही. पिंपात काय बसणार, ते पुढचं पुढं.

त्यानं मोटर चालू केली. घड्याळ बघितलं. आठव्या मिनिटाला धार बारीक झाली तसा त्यानं बाही वर सारली आणि हात पिंपात घातला. पंखा काढलेला होता, भीती नव्हती. वर तवंग, खाली काळोख. पायाच्या कडेनं हात खाली सरकवला. कोपरापर्यंत पाणी कोमट होतं. कोपराच्या पुढं एकदम गार.

जाळीवर काहीतरी होतं. मऊ. शेवाळ असेल, तो म्हणाला. बोटांनी ते सोलून काढायला लागला. एक पट्टी उचलली गेली. शेजारी दुसरी. मग तिसरी, ती अर्धीच होती. टोक गोल, थोटं. मग चौथी, बारकी.

मिस्त्रीचा हात तिथंच राहिला. त्यानं ओढला नाही असं नाही. तो निघाला नाही.

जाळीवरचं ते सावकाश बाजूला झालं. वळलं. त्याचा तळहात उलटा केला, त्यात काहीतरी ठेवलं आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली. लहानपणी दादा असंच करायचा. जत्रेतली गोळी हातात द्यायचा आणि मूठ मिटवायचा, म्हणजे इतर पोरांना दिसू नये.

हात सुटला. मिस्त्री मागं भिंतीवर आदळला. पिंपात त्यानं वाकून बघितलं ते नंतर, मोठ्या बॅटरीनं, सगळं पाणी बादलीनं उपसून. आत मोटरीचा पाय होता आणि पिंपाचा तळ. पिंप असं की पाय सोडून उरलेल्या जागेत एखादं मांजर मावलं असतं फार तर.

त्यानं मूठ उघडली. रबराचा तुकडा होता, अंगठ्याच्या नखाएवढा. त्यानं फळीवरची बशी उलटी केली, जुनी चक्री काढली. दोन तुकडे लावले, मग हा लावला. तुटलेली कड कडेला बसली. केस जाईल एवढीही फट राहिली नाही.

६

वहिनी आली तेव्हा पिंप परत भरलेलं होतं आणि मोटर वीस मिनिटं सलग चालत होती. धार तारेसारखी सरळ. वहिनीनं स्वतः हात लावून बघितला.

"गार आहे. काय झालं होतं हो?"

"जाळी तुंबली होती."

"एवढंच?"

"एवढंच."

वहिनीनं गाडी पुढं घेतली. दोघांनी मिळून मोटर उतरवली, मिस्त्रीनं पंखा चढवून दिला. ती निघाली नाही. दोरी गुंडाळत उभी राहिली.

"भाऊजी, एक विचारू? रागावू नका."

"मी कधी रागावतो?"

वहिनी पहिल्यांदाच हसली. मग हसू गेलं. "त्या दिवशी हे जेवायला घरी आले होते. म्हणाले, भावानं तुकडे मोजून मोटर बंद केलीय, आता चिंता नाही. मी दोन वर्षं विचार करते. मोटर ठीक होती तर ह्यांनी झाकण कशाला उघडलं असेल, भर पाण्यात, भर वाऱ्यात?" तिनं त्याच्याकडं बघितलं. "मोजले होते ना तुम्ही?"

मिस्त्रीच्या खिशात तुकडा होता. कापडातून मांडीला ऊन लागत होता.

"मोजले होते," तो म्हणाला.

"सगळे मिळाले?"

"मिळाले म्हणतोय ना. परत परत तेच काय?"

वहिनीनं दोरी खाली ठेवली. मग जवळ आली आणि त्याच्या कपाळाला हात लावला. उलटा हात.

"भाऊजी, तुम्ही तापलाय. विस्तवासारखे. सावलीत पडा जाऊन."

तिच्यामागं पिंपाच्या पत्र्याला मोटर टांगायची साखळी लागून वाजत होती. वारा नव्हता.

७

त्यानं डोक्यावर नळ सोडला. बादलीभर पाणी ओतून घेतलं, दोन बादल्या. बायकोनं ओल्या पट्ट्या ठेवल्या, त्या वाळून कडक झाल्या. "डॉक्टरला बोलावते," ती म्हणाली. तो उठला आणि घाटाकडं चालायला लागला. बायको मागून ओरडत राहिली.

वहिनीची होडी निघून गेली होती. पार पलीकडं, माशीएवढी दिसत होती. मोटरीचा आवाज एकसारखा, कुठं अडखळ नाही. मिस्त्री पायरीवर बसून राहिला. पाय पाण्यात सोडले, अंगाची आग कमी होईना. खिशातला तुकडा त्यानं मुठीत धरला. तिन्ही तुकडे जागेवर आले होते. मोटर बंद करायला आता कुणाची हरकत नव्हती. मग अंगात हे का?

पाचच्या सुमाराला होडी परत फिरली. मिस्त्रीचा सगळा जन्म होड्या बघण्यात गेला होता. किती माणसं बसली आहेत हे त्याला लांबून कळायचं, होडी पाण्यात किती बसली त्यावरून. वहिनी मागं एकटी, मोटरीचा दांडा धरून. अंगानं काटकुळी बाई. तिच्या एकटीनं होडी मागून अशी बसायला नको होती. नाक वर आणि पाठ पाण्याला टेकलेली, दोघं जण शेजारी बसल्यासारखी. तिच्या डाव्या बाजूची फळी रिकामी होती. तिथं पाणी मात्र काठाला चाटत होतं.

मोटर जड असते, मिस्त्री म्हणाला. जुनी मोटर, जड असते. पण हीच मोटर त्यानं चार तासांपूर्वी स्वतः उचलली होती.

काठापासून पन्नास हातांवर वहिनीनं मोटर बंद केली. ती वल्हं घेऊन उभी राहिली आणि तिनं त्याला हात केला. मोटर छान चालली असा हात. सगळं शांत झालं. त्या शांततेत पाण्यावरून आवाज आला. झाकणावर बोट वाजवल्यासारखा.

टक, टक.

"वहिनी," मिस्त्री म्हणाला.

"काय?"

"मोजले नव्हते."

"ऐकू येत नाही, भाऊजी."

त्यानं मूठ उघडून हात वर केला. तिला एवढ्या लांबून दिसणार नव्हतं, तरी केला. "दोनच मिळाले होते. तिसरा मिळाला नाही. मी खोटं बोललो त्याला. तुम्हालाही बोललो."

वहिनीच्या हातातलं वल्हं थांबलं. होडी आपल्या वेगानं येत राहिली, सावकाश. मग वहिनीनं झटकन मान वळवून शेजारच्या फळीकडं बघितलं, कुणी उठल्यावर बघतात तसं.

होडीची पाठ वर आली. चार बोटं, पाच बोटं. कुणीतरी उतरावं तशी.

होडीपासून पाण्यावर एक रेघ निघाली. मासा काढतो तशी नाही, रुंद. ती सरळ घाटाच्या पायऱ्यांकडं येत होती, अजिबात घाई न करता. मिस्त्रीनं उलटा हात आपल्या कपाळाला लावून बघितला. कपाळ गार पडलं होतं.

पाय मात्र त्यानं पाण्यातून वर घेतले नाहीत.